लेख बाकी, मुक्काम नैरोबी

पुण्यात बसून लिखाण टाळलं तर त्याला सरळ आळस म्हणतात. तेच नैरोबीत बसून टाळलं की लोक म्हणतात, ‘अनुभव घेतेय, लिहील सावकाश.’ नवऱ्याच्या नोकरीपायी गेली काही वर्षं मी इथे राहतेय आणि ह्या सवलतीचा पुरेपूर फायदा उठवतेय. भाजी आणायला गेले तरी ते निरीक्षण, खिडकीतून माकडं बघत बसले तरी ते निरीक्षण, आणि चुकीच्या मटाटूत बसून भलतीकडेच पोचले तर ते थेट प्रवासवर्णन. परक्या देशात वाया गेलेला वेळ म्हणून काही उरतच नाही, सगळा कच्चा माल होतो. गोदाम भरत जातं, कारखाना मात्र बंद.

त्यातून ऑगस्ट आलेला. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत लिहिणाऱ्यांच्या मागे ऑगस्ट महिना लागला तो लागलाच. यंदा एका संपादकांनी जूनमध्येच फोन करून सांगून ठेवलं होतं, ‘ताई, आफ्रिकेवर काहीतरी द्या. तीनेक हजार शब्द. सिंह असले तर उत्तम.’ मी हो म्हटलं. जूनमध्ये कोणीही कशालाही हो म्हणतं.

नैरोबीतला ऑगस्ट म्हणजे काय हे न राहिलेल्याला सांगून पटत नाही. विषुववृत्त इथून हाकेच्या अंतरावर, पण गाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ अठराशे मीटर उंच, महाबळेश्वरच्याही वर चारशे मीटर. जुलै-ऑगस्टात आभाळ दिवसभर भरलेलं. पाऊस पडत नाही, ऊन पडत नाही, नुसतं मळभ. घरात पंखे नसतातच. मी शाल गुंडाळून, पायात लोकरीचे मोजे घालून ‘आफ्रिकेवर काहीतरी’ लिहायला बसते आणि पहिलं वाक्य सुचायच्या आत चहा करायला उठते. एवढ्या थंडीत चहाला नाही कोण म्हणणार?

सकाळचा वेळ तर हातचा जातोच. इथलं घड्याळ भारताच्या अडीच तास मागे. मी सातला डोळे उघडते तेव्हा पुण्यात साडेनऊ झालेले असतात आणि फोनवर सगळं शिजून तयार असतं: आईचा सुप्रभात, शाळेच्या ग्रुपवरचे दोन वाढदिवस, मावसभावानं पाठवलेलं कुठल्याशा काढ्याचं कौतुक आणि सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीवरून जुंपलेलं भांडण. तिथला फ्लॅट आम्ही भाड्यानं दिलाय, टाकीचं पाणी भाडेकरू पितो, पण ती टाकी कोणत्या कंत्राटदाराकडून धुऊन घ्यावी ह्याबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती मांडायला मला अर्धा तास लागतो. तेवढ्यात बाहेर हडाडांचा जथा ओरडत जातो. हडाडा म्हणजे इथला शराटी म्हणता येईल असा मोठा, मातकट राखाडी, बाकदार चोचीचा पक्षी. ओरडतो असा की कोणाची तरी चोरी पकडली गेलीय असं वाटावं. रोज ऐकून सवय व्हायला हवी होती. पण मी रोज खिडकीशी जाते.

रात्री साडेआठला भारतात अकरा वाजतात आणि फोन गप्प होतो. खरं तर हाच माझा हक्काचा वेळ. रोज ह्या वेळी दोन तास बसले असते तर आत्तापर्यंत एखादं पुस्तक झालं असतं. पण नेमका तेव्हाच विजेचा मीटर पिंपिं करायला लागतो. इथे वीज आधी पैसे भरून घ्यायची असते. मोबाइलवरून एम-पेसानं पैसे धाडायचे, मग संदेशातून वीस आकडी नंबर येतो, तो स्वयंपाकघरातल्या बटणांच्या डबीवर दाबायचा. विसांतला एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. डोळ्यांपेक्षा माझं लक्ष कमजोर, म्हणून मी तो चार-चारच्या गटात मोठ्यानं म्हणते आणि मुलगी दाबते. वीज येते. मग मला प्रश्न पडतो की हे एम-पेसा नक्की कधी सुरू झालं. २००७. आपल्याकडचं यूपीआय २०१६ चं. म्हणजे नऊ वर्षं आधीच इथली भाजीवाली फोनवर पैसे घेत होती! हे वाचता वाचता साडेदहा होतात आणि वहीत फक्त ‘एम-पेसा – २००७ (बघणे)’ एवढंच लिहिलेलं असतं.

वेळ ठरवून बसायचं म्हटलं तर तिथेही सोय आहे. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, आपल्या जुन्या घटिकांसारखे. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, दहा म्हणजे चौथा. नळ दुरुस्त करणारा ‘उद्या चारला येतो’ म्हणाला की तो दहाला यायचा असतो, निदान तसं गृहीत धरायचं असतं. मी ही पद्धत लिखाणाला लावून घेतलीय. चारला बसते म्हटलं की दिवसाला दोन ‘चार’ मिळतात, एक इथला, एक आपला. पहिला हुकला तर दुसरा असतोच.

आमच्या गेटबाहेर डाव्या हाताला भाजीची टपरी आहे. गल्लीगल्लीच्या तोंडाशी अशी एक असते आणि ती चालवणाऱ्या बाईला सगळे मामा म्बोगा म्हणतात. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, म्बोगा म्हणजे भाजी. सुकुमा विकी ही इथली रोजची पालेभाजी, कोबीच्या जातीतली, जाड गडद हिरव्या पानांची. गिऱ्हाइकाला ती चिरूनच हवी असते. बाई दहाबारा पानं एकावर एक ठेवते, देठं एका रेषेत आणते, पानांची घट्ट गुंडाळी करते आणि ती डाव्या मुठीत धरून हवेतच सुरी चालवायला लागते. पाट नाही, विळी नाही. सुरी सरळ अंगठ्याच्या रोखानं येते आणि अंगठ्याच्या एक केसभर अलीकडे थांबते. खाली परातीत हिरव्या धाग्यांचा ढीग वाढत जातो. मूठ जराशी मागे सरकते, सुरी पुढे. नजर तिकडे नसतेच. ती समोरच्या बोडा-बोडावाल्याशी, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाल्याशी, भांडत असते, नाहीतर शाळेतून आलेल्या पोराला दटावत असते, मधेच सुरी दातांत धरून कोणाला सुटे पैसे देते. मुठीत बोटभर खुंट उरला की तो बाजूच्या डब्यात, कोंबड्यांसाठी. एक रुपयाभर जाडीचा तुकडा मी तिच्या परातीत कधी पाहिला नाही. मी घरी करून पाहिलं तेव्हा इतके जाड तुकडे झाले की पीठ पेरून भाजी करायचा बेतच सोडावा लागला.

मी तिथे उभी राहते ती राहतेच. एकदा तिनं न राहवून विचारलं, ‘मामा ईशा, तुला घरी काही काम नाही का?’

इथे बाईला तिच्या मुलाच्या नावानं हाक मारतात. ईशा माझी मुलगी. म्हणून मी गल्लीत, शाळेत, इमारतीत सगळीकडे मामा ईशा. ह्याकडे मला पुढे यायचंय.

आम्ही पार्कलँड्समध्ये राहतो. जुनी भारतीय वस्ती. पलीकडे सिटी पार्क, त्यात साइक्स माकडांच्या टोळ्या. स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहिली की केळी गेलीच. पण माकडांना मी दोष देणार नाही, ती आपलं काम वेळेवर करतात.

हे सगळे चिल्लर प्रकार झाले. चालढकलीचा खरा मानाचा अवतार म्हणजे संशोधन. कोणी नावं ठेवू शकत नाही, आणि आपल्यालाही रात्री शांत झोप लागते. मी ठरवलं, लेख रेल्वेवर लिहायचा. विषय तयारच होता. मोंबासाहून १८९६ साली रूळ टाकायला सुरुवात झाली. १८९९ च्या मेअखेरीला ते आजच्या नैरोबीच्या जागी पोचले, जिथे तेव्हा दलदलीच्या माळाखेरीज काही नव्हतं. १९०१ च्या डिसेंबरात गाडी व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला, आजच्या किसुमूला टेकली. नऊशेहून जास्त किलोमीटर. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर करारावर आणले, बहुतेक पंजाबातले. अडीच हजारांच्या आसपास इथेच मेले, साडेसहा हजारांहून अधिक करार संपल्यावर इथेच राहिले. एवढ्या ऐवजावर तीन हजार शब्द सहज निघतात. पण मला प्रश्न पडला, ह्यांत मराठी किती होते? लेखाला ह्या प्रश्नाची काही गरज नव्हती. पण प्रश्न गुणाचा होता, कारण त्याचं उत्तर लवकर मिळणार नव्हतं. लिहायचं टाळायचं असेल तर असाच प्रश्न निवडावा.

मग रेल्वे म्युझियम. १९७१ पासून ते स्टेशनच्या मागच्या बाजूला आहे. बाहेर यार्डात जुनी इंजिनं गवतात उभी, आणि तिथेच तो डबा. १९०० सालच्या जूनमध्ये किमा स्टेशनजवळ एक नरभक्षक सिंह माजला होता. त्याला मारायला चार्ल्स राइल नावाचा पोलीस अधिकारी आपला डबा स्टेशनच्या बाजूला लावून दोन सोबत्यांबरोबर रात्री थांबला. पहाऱ्याची पाळी राइलची होती. त्याला झोप लागली. सिंह उघड्या दारातून आत आला. त्याच्या वजनानं डबा एका अंगाला कलला आणि सरकतं दार मागे आपोआप बंद झालं. एक सोबती खाली झोपला होता, त्याच्या अंगावर पाय रोवून सिंहानं राइलला धरलं, असं सांगतात. मग दार बंद म्हटल्यावर तो राइलला घेऊन खिडकीतून गेला.

त्या खिडकीसमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. चौकट हातानं मापून पाहिली. सिंह एकटा निघू शकेल, पण माणसासकट? आतला बाक बघितला, दार सरकवून बघायला हात लावला तर तिथला म्हातारा राखणदार लांबूनच ओरडला. ह्याच रेल्वेवरच्या त्सावोच्या दोन प्रसिद्ध नरभक्षक सिंहांना तिथला पूल बांधणाऱ्या पॅटरसननं १८९८ च्या डिसेंबरात मारलं, ते पेंढा भरून आता शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत. म्हणजे संपादकांना हवे असलेले सिंह अमेरिकेत आणि माझ्या वाट्याला डबा. पण खरं सांगायचं तर मला सिंहापेक्षा राइलच जवळचा वाटला. बंदूक आहे, जागा मोक्याची आहे, येणार कोण हे ठाऊक आहे, मुदत आजच रात्रीची आहे, आणि डुलकी लागते.

मराठी मजुरांचा शोध मग नॅशनल अर्काइव्हजकडे वळला. मोई अव्हेन्यूवरची ही दगडी इमारत पूर्वी नॅशनल बँक ऑफ इंडियाची होती. वर कागदपत्रांच्या खोलीत जायचं होतं, पण तळमजल्यावर मुरुम्बी गॅलरी लागते आणि मी तिथेच अडकले. जोसेफ मुरुम्बी ह्यांचे वडील गोव्याचे, आई मासाई. शाळा हिंदुस्थानात झाली. स्वतंत्र केनियाचे ते १९६६ मध्ये काही महिने उपराष्ट्राध्यक्ष होते, मग राजकारण सोडून त्यांनी उरलेलं आयुष्य आफ्रिकन कलावस्तू आणि पुस्तकं जमवण्यात घालवलं. ती मूर्ती, ती शिल्पं, ते विणकाम बघत मी चार वाजवले. घड्याळातले चार.

पुढे एकदा, डोकं ताजं करून लगेच लिहायला बसायचं ह्या बोलीवर सिटी पार्कात पाय मोकळे करायला गेले तर तिथे मुरुम्बींची समाधीच समोर. १९९० साली ते वारले. त्यांना पिओ गामा पिंटोच्या जवळ जागा हवी होती, म्हणून इथे. पिंटो हेही मूळचे गोव्याचे, जन्म १९२७ साली नैरोबीत, शिक्षण हिंदुस्थानात. पत्रकार आणि चळवळ्या माणूस. इंग्रजांनी १९५४ पासून काही वर्षं स्थानबद्ध करून ठेवलं. केनिया स्वतंत्र होऊन सव्वा वर्षही झालं नव्हतं, तेव्हा २४ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांच्या घराच्या फाटकाशीच त्यांना गोळ्या घातल्या. मी वर्षानुवर्षं ज्या बागेत माकडांना हुसकत फिरत होते तिच्या एका कोपऱ्यात ही दोन माणसं आहेत, हे मला लेख टाळताना कळलं.

आता वाचणारा म्हणेल, अहो, हेच तर तुमच्या लेखाचं साहित्य! असं म्हणणारे लोक प्रेमळ असतात पण त्यांनी कधी लेख लिहिलेला नसतो. साहित्य साठल्यानं लेख होत असता तर सगळे रद्दीवाले साहित्यिक असते. होतं उलटंच. पहिल्या वर्षी मी भाचीला फोनवर ‘इथले लोक कसे असतात’ हे दहा मिनिटांत सांगू शकत होते. आता ‘इथले लोक’ म्हटलं की मीच मला विचारते, कोण? लुओ की किकुयू? पार्कलँड्सचा चौथ्या पिढीचा गुजराती दुकानदार धरायचा की नाही? आणि मामा म्बोगा, जी मला रिकामटेकडी समजते, ती? प्रत्येक नव्या माहितीबरोबर जुन्या वाक्याला एक ‘पण’ चिकटतो आणि पाच-सहा ‘पण’ झाले की वाक्य जागच्या जागी बसतं.

त्यात मी बिन्यावांगा वायनाइना वाचले. वाचायला नको होते. २०१९ साली गेलेल्या ह्या केनियन लेखकाचा २००५ मधला एक छोटा लेख आहे, आफ्रिकेवर लिहू पाहणाऱ्या परक्यांना उलट्या सूचना देणारा. सगळ्या खंडाला एकच देश समजा, सूर्यास्त विसरू नका, माणसांपेक्षा हत्तींना जास्त स्वभाव द्या, अशा थाटाचा. तो रोख गोऱ्यांवर आहे म्हणून मी आधी मजेत वाचला. मग संपादकांचं ‘सिंह असले तर उत्तम’ आठवलं. तेव्हापासून असं झालंय की सोपं वाक्य सुचतं आणि पाठोपाठ कोणीतरी खुसखुसतं. अवघड वाक्य सुचायला वेळ लागतो. तो वेळ मी टाकीच्या भांडणाला देते.

मला एक समाधान सापडलं होतं. नैरोबीच्या नैर्ऋत्येला कॅरन नावाचं उपनगर आहे, तिथे कॅरन ब्लिक्सेन ह्या डॅनिश बाईंचा कॉफीचा मळा होता. त्या १९१४ ते १९३१ इथे होत्या. मळा बुडाला, त्या डेन्मार्कला परतल्या, आणि इथल्या आठवणींचं त्यांचं पुस्तक आलं ते १९३७ साली. हे वाचल्यावर मला फार हलकं वाटलं. म्हणजे इथे असताना न लिहिणं ही रीतच आहे की! परत गेल्यावर बघू. कोथरूडला बाल्कनीत बसून, आठवणींचा उमाळा वगैरे येऊन.

ह्या समाधानाच्या आड एकच माणूस येतो, न्गुगी वा थिओंगो. लिमुरूजवळच्या कामिरिथू गावात ह्या लेखकानं गावकऱ्यांना घेऊन गिकुयूत, म्हणजे किकुयूंच्या भाषेत, एक नाटक बसवलं, ते सरकारनं बंद पाडलं आणि १९७७ च्या अगदी शेवटी त्यांना घरातून उचललं. खटला नाही, काही नाही, वर्षभर कामिटीच्या तुरुंगात. तिथे त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली, तुरुंगातल्या टॉयलेट पेपरवर. कामिटी नैरोबीच्या वेशीवर आहे, माझ्या टेबलापासून वाहतूक बरी असली तर तासाभराच्या आत. २०२५ साली ते गेले तेव्हा इथे सगळ्या वर्तमानपत्रांत त्या कागदाची गोष्ट पुन्हा आली.

आता ह्यावरून ‘बघा, अडथळे नसले की माणूस कसा लिहितो’ असला अचरट निष्कर्ष मी काढणार नाही. तुरुंग म्हणजे काही लेखकांचं निवासी शिबिर नव्हे. मला त्या गोष्टीत टोचतं ते वेगळंच. इंग्रजीत नाव झालेला हा लेखक, कोठडीत बसून ठरवतो की आता गिकुयूत लिहायचं. बाहेर कामिरिथूतली माणसं त्याच्या डोळ्यांसमोर होती, नाटकात ज्यांनी कामं केली ती. कागद कसलाही असो, तो कोणाच्या हातात जायचाय हे त्याला ठाऊक होतं.

माझं घोडं अडलंय ते इथे. वीज, माकडं, मजूर, ब्लिक्सेनबाई, सगळे साथीदार. मूळ कारण असं की नैरोबीत मी लिहिते हे कोणालाच माहीत नाही.

पुण्यात जिन्यात भेटलेले शेजारचे काका विचारायचे, ‘काय, सध्या काय चाललंय लिखाण?’ वाण्याच्या दुकानात शाळेतल्या बाई भेटायच्या आणि दोन वर्षांपूर्वीच्या लेखातली शुद्धलेखनाची चूक आठवणीनं सांगायच्या. ग्रंथालयातला मुलगा पुस्तकावर शिक्का मारता मारता म्हणायचा, ‘ह्या दिवाळीला कुठे?’ मला त्या चौकशांचा वैताग होता. इथे आले तेव्हा पहिलं वर्ष काय मोकळं वाटलं! कोणी विचारत नाही, कोणी वाट बघत नाही, मी फक्त मामा ईशा. वर्षभरानं लक्षात आलं की माझं अर्धं लिखाण त्या जिन्यातल्या काकांच्या धाकानं होत होतं. समर्थांनी रोज काहीतरी लिहावं असं सांगून ठेवलंय खरं, पण समर्थ काही जिन्यात भेटत नाहीत.

ह्याला पुरावा माझ्याकडेच आहे. इथल्या मराठी मंडळात गणपतीला मुलांचं नाटुकलं असतं. ते मी लिहिते. वेळेत लिहिते, दोन बैठकांत लिहिते, आणि ते बऱ्यापैकी होतं. कारण शनिवारी तालमीला डझनभर पोरं आणि त्यांच्या आया येऊन बसणार असतात आणि उंदराचं काम करणाऱ्या मुलाची आई आदल्या रात्रीच मेसेज करते, ‘ह्याला संवाद किती आहेत?’ मोंबासाहून आलेले नारळ खवता खवता मी उंदराला चार संवाद वाढवून दिलेत. तेव्हा कुठे जातो वायनाइनांचा धाक, आणि कुठे जातात ते ‘पण’?

संपादक आहेत, पण ते लांब. शिवाय मराठी संपादक फार सभ्य. ‘ताई, सावकाश, पण पुढच्या आठवड्यात पाठवाच,’ असं ते गेले कित्येक आठवडे म्हणताहेत.

मार्ग निघाला तो भलतीकडेच. ईशाला मी पोहायला सोडते त्या क्लबाच्या आवारात पालकांना बसायला जागा नाही, वायफाय नाही, आणि पोरगी बाहेर येईपर्यंत गाडी हलवायची सोय नाही. मी गाडीतच वही काढून बसायला लागले. तिथल्या गेटवरचा असकारी, म्हणजे पहारेकरी, साठीचा असेल, डोक्यावर लोकरीची टोपी, ऑगस्टात अंगात दोन कोट. पहिल्यांदा त्याला वाटलं मी कोर्टाचे कागद लिहितेय, कारण त्याची स्वतःची जमिनीची केस चालू आहे. मी मोडक्या स्वाहिलीत सांगितलं, कोर्टाचं नाही, माझ्या गावाकडच्या मासिकासाठी लिहितेय, रेल्वेबद्दल. त्यानं मान डोलावली. पुढच्या वेळी गेट उघडताना त्यानं काचेतून डोकावून विचारलं, ‘मामा, झालं का लिहून?’ मी म्हटलं, नाही. ‘पानं किती झाली?’ मी म्हटलं, एक. त्यानं एका पानाबद्दल काही मत दिलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर जिन्यातले काका स्पष्ट दिसले.

तेव्हापासून प्रत्येक वेळी तो पानं विचारतो. आणि उत्तराची तजवीज म्हणून मी आदल्या रात्री, मीटरनं पिंपिं केलं तरी, थोडं लिहून ठेवायला लागलेय. राइलचा डबा झाला. रूळ नैरोबीपर्यंत आले. मुरुम्बी आणि पिंटोंना लेखात जागा नाही, त्यांना पुढच्या वर्षीसाठी ठेवलंय. मराठी मजूर किती होते ते अजून कळलेलं नाही आणि मी ते शोधणंही थांबवलंय.

परवा त्यानं नवीनच प्रश्न काढला. ‘हे लिहून झालं की ते पैसे किती देणार?’

दिवाळी अंकाचं मानधन मी त्याला सांगितलं. आधी रुपयांत, मग शिलिंगात. त्यानं खात्री करून घ्यायला आकडा पुन्हा विचारला. एका पानाचे का? नाही, म्हटलं, सगळ्याचे मिळून. आणि तेही अंक निघाल्यावर, जमलं तर. तो बराच वेळ माझ्या वहीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

‘मग एवढी घाई कशाची चाललीय?’ असं म्हणून तो मागच्या गाडीला गेट उघडायला गेला.